दिवसा लावलेला दिवा

गेल्या महिन्यात धाकट्या मुलाच्या तळेगावच्या नव्या घरी राहायला गेले होते. तिथे दारामागच्या पेटीत एक बटण आहे. विजेचं काही बिनसलं की ते टक्कन खाली पडतं आणि सगळं घर गप्प होतं. त्या दिवशी ते सकाळपासून पाच वेळा पडलं. मुलाने फ्रीजकडे पाहिलं, सुनेने गीझरकडे, नातीने मिक्सर उलटासुलटा करून पाहिला. मी मात्र खुर्चीत बसून माणसांकडे पाहत होते. कोण आत्ताच उठून आलं, कोण नजर चुकवतंय, कोण विचारायच्या आधीच "मी नाही हं" म्हणतंय. शेवटी सून म्हणाली, "आई, तुम्ही माझ्याकडे अशा काय बघताय?" मी म्हटलं, काही नाही गं, जुनी सवय. संध्याकाळी कळलं की इस्त्रीची वायर उंदराने कुरतडली होती. खरं सांगायचं तर मी जराशी हिरमुसलेच.

वीज गेली की आधी माणसाचा संशय घ्यायचा, ही सवय मला लोणावळ्याच्या आमच्या घरात लागली. तिथल्या पहिल्याच पावसाळ्यात ती घरातल्या सगळ्यांनाच लागली होती. बाकीच्यांची पुढे सुटली, माझी तेवढी राहिली.

माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो, रेल्वेच्या मालधक्क्यावरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. अर्धं आयुष्य भाड्याच्या खोल्यांत काढल्यावर त्यांनी तुंगार्लीच्या बाजूला चार खोल्यांचं घर बांधलं. दगडी जोतं, विटांच्या भिंती, मंगलोरी कौलं आणि कौलांखाली फळ्यांची सपाट तक्तपोशी. ही तक्तपोशी आप्पांचा अभिमान होता. आढं दिसत नाही, तुळया दिसत नाहीत, कोळिष्टकांना जागा नाही. भिंतींना निळसर झाक असलेला पांढरा चुना. तो वाळेपर्यंत आप्पा आम्हाला भिंतीला टेकूसुद्धा देत नसत. आणि एक सक्त हुकूम होता की या घरात खिळा ठोकायचा नाही. एका ओळखीच्यांच्या नव्या भिंतीचा गिलावा एका कॅलेंडरपायी वीतभर कोसळलेला त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. जिथे जिथे माणसाला काही टांगावंसं वाटेल असं त्यांना वाटलं, तिथे तिथे त्यांनी बांधतानाच सागवानी खुंट्या बसवून घेतल्या. एकूण अकरा. बाराव्या ठिकाणी काही टांगावंसं वाटणं म्हणजे बेशिस्त.

आणि घरात वीज होती. आजच्या मुलांना यात काय विशेष असं वाटेल. घाटातून वर येणाऱ्या आगगाड्यासुद्धा तेव्हा नुकत्याच विजेवर चालू लागल्या होत्या, पण आमच्या आळीत विजेचं घर हे दुसरंच. पहिलं शेजारच्या सबनिसांचं. सबनीस पेन्शनर होते, आणि पेन्शनर माणसाला दुसऱ्याच्या घराकडे पाहायला जेवढा वेळ असतो तेवढा सगळा त्यांच्याकडे होता.

तारा ओढल्या होत्या सोपानने. सोपान टाकव्याचा, शेतकऱ्याघरचा, पंचविशीतला. धरणाच्या कामावर एका ठेकेदाराच्या हाताखाली शिडी वाहता वाहता तो तारा ओढायला शिकला होता. आमचं घर हे त्याने स्वतःच्या हाताने केलेलं पहिलं काम. वीज कंपनीचे सुपरवायझर हे काम तपासणार आणि पसंत पडलं तर त्याला परवाना मिळणार होता. मग तो कोणाच्या हाताखालचा राहिला नसता. परवाना नाही मिळाला तर पुन्हा ठेकेदाराची शिडी. हे त्याने आम्हाला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, कारण आप्पांनी त्याला पहिल्याच दिवशी विचारलं होतं की तू इतरांपेक्षा स्वस्त का. काम त्याने देवघर सारवावं इतक्या निगुतीने केलं. भिंतीच्या वरच्या कडेने लाकडी पट्ट्या, पट्टीच्या आत दोन खाचा, एका खाचेत एक तार, दुसरीत दुसरी, वरून झाकणपट्टी, आणि सगळं असं सरळ की आप्पा फूटपट्टी घेऊन आले आणि न मोजता परत गेले. पहिल्यांदा दिवे लागले त्या संध्याकाळी सोपानचे वडील टाकव्याहून चालत आले होते. अंगणात चपला काढून उभे राहिले. आप्पांनी ओटीवर या म्हटलं, तर म्हणाले, "हितनंच झ्याक दिसतंय."

आता आत्या. आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण, त्यांची अक्का, लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. उंच, सडपातळ, आवाज असा की माजघरातून बोलली तर सबनिसांच्या परसातली कोंबडी थांबायची. स्वयंपाकघर तिचं. सोवळ्याशिवाय तिथे कोणाला प्रवेश नव्हता, आप्पांनासुद्धा. आम्ही उंबऱ्याच्या अलीकडे पाटावर बसून जेवायचो. तिची वाढण्याची पद्धत अशी की पळीतला पदार्थ पानात पडायचा, पण पळी पानाला लागायची नाही. आंबेमोहोराचा वास घरभर असायचा, त्यात अळूचं फदफदं, कधी तव्यावरच्या थालीपिठाला पाडलेल्या भोकातून तेल सोडल्याचा चुर्रर्र आवाज. सोपान कधी टाकव्याहून कुर्डूची नाहीतर फोडशीची रानभाजी आणायचा. ती ओटीवर ठेवायचा, आई धुऊन घ्यायची, आत्या शिजवायची. भाजी आत जायची. भाजी आणणारा ओटीवर राहायचा. त्यात काही चुकतंय असं तेव्हा घरात कोणालाच वाटत नव्हतं, मलाही नाही. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर म्हाताऱ्या बायका आपल्या लहानपणी फार उदार असतात.

आत्याचं सोवळं म्हणजे रोज सकाळी धुऊन वाळत घातलेलं नऊवारी सुती लुगडं. ते वाळेपर्यंत आणि पुन्हा नेसेपर्यंत कोणी शिवायचं नाही. म्हणून ते उंचावर, हात पोचणार नाही असं काठीने वाळत घालायचं. उन्हाळ्यात परसातल्या दोरीवर चालून गेलं. पावसाळा आला आणि प्रश्न उभा राहिला. जुन्या घरात तुळईला वेळू टांगलेला असे. इथे तक्तपोशी! अकरा खुंट्या पाहून झाल्या. एकही स्वयंपाकघरात नव्हती, कारण स्वयंपाकघरात काही टांगावंसं वाटेल हे आप्पांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आत्या आप्पांकडे तक्रार करणारी नव्हती. तिने एके दुपारी, आप्पा कचेरीत आणि आई झोपलेली असताना, मला हाक मारली. मी तेव्हा तेरा वर्षांची आणि बुटकी. सोपानच्या कामातून उरलेली जस्ती तार तिने जपून ठेवली होती. तिचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं. दुसऱ्या टोकासाठी समोरच्या भिंतीत खिळा हवा होता. "उंच ठोक. कोणाचा हात पोचता कामा नये," ती म्हणाली. मला अंघोळ घालून, ओलेत्याने आत घेऊन, धान्याच्या पेटीवर चौरंग ठेवून त्यावर उभं केलं. स्वतः का नाही ठोकला? सांधे धरल्यामुळे तिच्या हातात जोर नव्हता. मी बत्त्याने ठोकायला लागले. चुना ताजा, खिळा धरेना, भिंतीचा पोपडा खाली. मग मला वर ती लाकडी पट्टी दिसली. पट्टीत खिळा अगदी बिनतक्रार गेला. पट्टीच्या आत तारा असतात हे मला ठाऊक होतं का? सोपान त्या घालत होता तेव्हा मी चार तास शेजारी बसून त्याचं डोकं खाल्लं होतं. म्हणजे ठाऊक होतं. पण त्या दुपारी खिळ्याला जागा हवी होती, आणि ठाऊक असलेली गोष्ट गरजेच्या वेळी विसरण्याची माझी हातोटी तेव्हापासूनची.

त्यानंतर दोनच दिवसांनी दिवेलागणीला आप्पांनी बटण दाबलं आणि काही झालं नाही. फ्यूज गेला होता. ओटीवरच्या फळीवर चिनी मातीचे दोन पांढरे ठोकळे होते, त्यांत केसासारखी बारीक तार. ती वितळली की वीज बंद. आप्पांनी सोपानने शिकवल्याप्रमाणे नवी तार घातली, दिवे लागले. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. तिसऱ्या संध्याकाळी पुन्हा. चौथ्या दिवशी उघडीप होती, त्या संध्याकाळी दिवे लागले. पाचव्या दिवशी पाऊस, की पुन्हा अंधार. आई कंदिलाच्या काचा पुसता पुसता म्हणाली की विजेच्या घरात राहायला आल्यापासून रॉकेल जास्त लागतंय.

मग सुरू झाले संशय. आईचा संशय सबनिसांवर. त्यांचे दिवे आमच्यापेक्षा पिवळे असायचे, ते परवापासून पांढरे दिसतात, म्हणजे आमची वीज तिकडे जाते. सबनीस परसात लांब बांबू घेऊन फणस पाडायचे, तो बांबू आईच्या मते फणसासाठी जरा जास्तच लांब होता. आत्याचा संशय विजेवरच. तिच्या मते जी वस्तू दिसत नाही, जिला सोवळं-ओवळं कळत नाही आणि जी गटारावरच्या खांबावरून येते, ती घरात टिकणारच नाही. सोपान दोनदा येऊन जोडण्या पाहून गेला, काही सापडलं नाही. त्याचाही संशय होता. जुन्या ठेकेदाराने खांबावरच काही केलं असेल, असं तो आप्पांना नव्हे, मला म्हणाला. आणि माझा संशय सगळ्यांवर. मी सबनिसांच्या बांबूवर पाळत ठेवली. एके सकाळी दूधवाल्याच्या मागे नळापर्यंत गेले, कारण तो मीटरकडे पाहून हसला होता. आई आत्याशी आणि आत्या आईशी कमी बोलू लागली, आणि मी दोघींचं कमी बोलणं चोरून ऐकू लागले.

आप्पा क्लार्क. त्यांचा वह्यांवर विश्वास. त्यांनी फळीजवळच्या खुंटीला एक वही टांगली. वार, वेळ, पाऊस होता की नाही, घरात कोण आलं-गेलं, असे रकाने. महिनाभर त्यांनी ती इमानाने भरली. फ्यूज गेला त्या प्रत्येक दिवशी वेळेच्या रकान्यात एकच नोंद, "दिवेलागण". आणि पावसाच्या रकान्याने सगळं उघड केलं. ज्या दिवशी पाऊस, त्या दिवशी फ्यूज गेला. ज्या दिवशी उघडीप, त्या दिवशी नाही. एकदाही चूक नाही. आप्पांनी वही मिटली आणि निकाल दिला. तारेवरचं रबर हलकं आहे, ओल आत शिरते. पैसे चांगल्या तारेचे घेतले, घातली रद्दी. स्वस्त का, याचं उत्तर मिळालं. इतका सरळ पुरावा मी पुढे वर्तमानपत्रातल्या कुठल्या खटल्यातसुद्धा वाचला नाही. मलाही तो पटला. एवढंच नव्हे, सोपान कधी कधी खिशात हात घालून उभा राहायचा, हे मी आप्पांना पुरवलं.

आप्पांनी सुपरवायझरसाहेबांना पत्र लिहिलं. शुक्रवारी साहेब तपासणीला येणार असं उत्तर आलं. मंगळवारी सोपानला बोलावून आप्पांनी पत्राची नक्कल वाचून दाखवली, कारण पाठीमागे काही करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. सोपान ओटीच्या पायरीवर बसून ऐकत होता. पाऊस पन्हाळीतून पिंपात पडत होता. वाचून झाल्यावर तो म्हणाला, तार कंपनीच्या गोदामातलीच आहे, हवी तर कापून बघा. मग म्हणाला, "दादासाहेब, समद्या खोल्या मी पायल्या. सैपाकघर तेवढं ऱ्हायलंय. वास्तुशांतीपासनं मी तितं गेलो न्हाई."

आप्पा म्हणाले, स्वयंपाकघरात काय व्हायचंय? तिथे एकच दिवा, आणि तिथे अक्काचं सोवळं. ते शक्य नाही. त्यांनी हे उर्मटपणे म्हटलं नाही. सूर्य पश्चिमेला उगवणं शक्य नाही, त्या चालीवर म्हटलं.

सोपानने जरा वेळाने दुसरंच मागितलं. एक दिवस, फक्त एक दिवस, माजघरातला दिवा सकाळपासून लावून ठेवायचा. "फ्यूज सांजच्याला जातोय असं तुमी म्हंता. पर सांजच्याला तो गेलेला कळतोय. जातोय कवा, त्ये कुणी पायलंय?"

आप्पांनी खुंटीवरच्या वहीकडे पाहिलं. वेळेच्या रकान्यातल्या सगळ्या दिवेलागणी त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या असाव्यात. दिवसाढवळ्या दिवा जाळणं त्यांना कपडे न घालता स्टेशनवर जाण्यासारखं वाटत होतं, पण ते हो म्हणाले.

बुधवारी सकाळी आप्पा कचेरीत गेले आणि मला शाळा बुडवून दिव्याखाली बसवलं. सोपान बाहेर ओटीवर, फळीपाशी. त्याने मला समजावून सांगितलं, "ताई, दिवा गेला की हाक मारायची. आन त्या घडीला घरात कोन काय करीत व्हतं, तेवढं ध्यानात ठिवायचं. बस." सबनीस छत्री घेऊन रस्त्यावरून जाता जाता थांबले, खिडकीतून पाहिलं आणि विचारलं, "काय कुसुमताई, आज सूर्य कमी पडला का?" मी दिव्यावरची नजर हलवली नाही. माझ्यासारखी जबाबदारी त्यांच्यावर कधी आली नव्हती.

दिव्याखाली बसून मी घर ऐकत होते. आई जात्यावर दळत होती. दूर घाटात गाडी शिटी देत होती. आत आत्या न्हाणीत लुगडं धूत होती. सांध्यांमुळे तिला ते पिळणं जमत नसे आणि दुसऱ्याने पिळलेलं चालत नसे, त्यामुळे ते पाणी गळत, गाठोडं होऊन यायचं. मला माजघरातून स्वयंपाकघराचं दार सरळ दिसत होतं. आत्याने काठीच्या टोकावर ते गाठोडं घेतलं, दोन्ही हातांनी काठी वर केली, लुगडं तारेवर टाकलं. तार खाली झोल पडून वाकली. वरच्या पट्टीत टिक् असा आवाज झाला. माझ्या डोक्यावरचा दिवा गेला.

तेवढ्या क्षणात मला सगळं कळलं. पाऊस असला की लुगडं या तारेवर, उघडीप असली की परसातल्या दोरीवर. मी हुशार होते म्हणून नव्हे. चौरंगावर उभं राहून त्या पट्टीत बत्ता मारणारी मीच होते, म्हणून.

मी हाक मारली. सोपान उंबऱ्यापर्यंत आला. "गेला? कोन काय करीत व्हतं?"

मी म्हटलं, "कोणी काही नाही. आत्या पूजा करत होती."

तो जाऊन नवी तार घालून आला. दिवा लागायच्या आतच पुन्हा गेला, कारण लुगडं तिथेच होतं, गळत. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच म्हटलं. या वेळी मी त्याच्याकडे न पाहता दिव्याकडे पाहून म्हटलं, आणि दिवा तर बंद होता. त्याने हातातली उरलेली तार बोटाला गुंडाळली. मग "बरं" म्हणाला. दुपारपर्यंत लुगड्यातलं पाणी निथळलं, तिसऱ्या खेपेला फ्यूज टिकला, आणि त्याच्या हाती काहीच लागलं नाही.

का खोटं बोलले? आप्पांच्या हुकमाची भीती होती, ते आहेच. पण त्याहून वाईट म्हणजे महिनाभर मी सगळ्यांवर संशय घेतला होता, आणि संशय घेणाऱ्याला एक मान असतो. तो जाईल, याची भीती होती. तेरा वर्षांच्या मुलीला असला मान कशाला हवा, असं आता वाटतं. तेव्हा हवा होता.

गुरुवारी सकाळी सोपान आला तो पटाशी घेऊन. ओटीवरून सुरुवात करून त्याने झाकणपट्ट्या उपसायला घेतल्या. आईने विचारलं, तर म्हणाला, उद्या साहेब यायच्या आत सगळी तार नवी घालतो, पदरची. चूक सापडत नाही, तर सगळंच काढतो. फूटपट्टीसारखी सरळ ती पट्टी किरकिरत भिंतीवरून सुटत होती आणि तिच्याबरोबर चुन्याचे पोपडे पडत होते. तो प्रत्येक खिळा काढून सरळ करून ओळीने पायरीवर ठेवत होता. मी आठ खिळे मोजले. नववा ठेवला तेव्हा मी उठले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन आत्याला सगळं सांगितलं. लुगडं, तार, पट्टी, टिक् आवाज, आणि काल सोपानशी काय बोलले ते.

आत्या भाकरी थापत होती. ऐकता ऐकता हात थांबला. मला वाटलं, आता तो आवाज निघणार. ती म्हणाली, "आणि तो बाहेर उपसतोय ते?"

"हो."

तिने हात धुतले. तव्यावरची भाकरी उलटायला विसरली, ती मागाहून करपलेलीच निघाली. दाराशी येऊन ती माजघर ओलांडून बाहेर ऐकू जाईल असं म्हणाली, "सोपान, ती शिडी घेऊन आत ये."

सोपान माजघराच्या दारापर्यंत आला आणि थांबला. आई भिंतीला लागून उभी. "वन्सं," एवढंच ती म्हणाली.

"ये म्हटलं ना. चूल उजवीकडे आहे, तेवढी सांभाळ."

तो आला. पाय उंबऱ्यावर न ठेवता पलीकडे टाकला. शिडी लावून वर चढला, झाकणपट्टी सैल केली, आणि कितीतरी वेळ नुसता पाहत राहिला. मग आत्याला म्हणाला, "मावशी, खिळा दोन खाचांच्या मधी गेलाय. वलं लुगडं पडलं की तो वाकतोय आन दोनी तारा एक व्हत्यात. फ्यूज जातोय म्हनून जातोय. पर त्या टायमाला ही जस्ती तार हातात आली आसती तर..." त्याने बोलणं सोडून दिलं आणि कोपऱ्यातल्या वाळक्या काठीकडे बोट दाखवलं. "हिनं तुमाला राखलं."

पुढे वीस वर्षं आत्या सोवळ्याचं महत्त्व सांगताना हा दाखला द्यायची, आणि त्याला उत्तर देणं कोणालाही जमलं नाही. पण त्या क्षणी ती पाटावर बसली.

सोपानने खिळा पकडीने उपटला, तळहातावर फिरवून पाहिला. "खालनं वर ठोकलाय," तो स्वतःशीच म्हणाला. त्याने उंच आत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी चौरंगाकडे पाहिलं.

आप्पा नेमके तेव्हाच जेवायला घरी आले. ओटीची उपसलेली भिंत, माजघरात आई, स्वयंपाकघरात शिडीवर सोपान आणि पाटावर अक्का. त्यांनी छत्रीसुद्धा मिटली नाही. आत्यानेच सांगितलं, तीन वाक्यांत. आप्पांनी विचारलं, खिळा कोणी ठोकला? आत्या म्हणाली, "मी." आप्पांनी ते मानलं. मी तिथेच उभी होते.

दुपारी आत्याने सोपानला ओटीवर पत्रावळीवर वाढलं. तो जेवत असताना आतून तिने सगळं स्वयंपाकघर धुऊन काढलं. घागरीवर घागर, खराट्याचा आवाज ओटीपर्यंत येत होता, आणि मोरीचं पाणी अंगणाच्या कडेने त्याच्या पायरीसमोरून वाहत गेलं. सोपानने पाय जरा आत घेतले आणि भाकरी खाणं चालू ठेवलं. दुसरी भाकरी वाढायला आत्या स्वतः बाहेर आली होती. हे दोन्ही त्याच बाईने एकाच तासात केलं. मला ते अजून जुळवता आलेलं नाही, आणि जुळवल्याचा आव आणत नाही.

सोपानला परवाना मिळाला, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. पण त्याआधी पत्र लिहायचं होतं. आप्पांनी ओटीवर डेस्क घेतलं आणि साहेबांच्या नावे मजकूर तयार केला. आमच्याकडून गैरसमज झाला, काम निर्दोष आहे, तक्रार मागे घेत आहे. अक्षर मोत्यासारखं. वाचून दाखवल्यावर म्हणाले, उद्या साहेबांच्या हातात मी स्वतः देईन. आप्पांच्या हिशोबी ही माफीच होती, त्यांना याहून मोठी येत नव्हती.

सोपान म्हणाला, "गैरसमज न्हवं, दादासाहेब. सैपाकघर मला पाहू दिलं न्हाई, तेवढं ल्हिवा. न्हाईतर सायेब म्हनंल, महिनाभर खिळा दिसला न्हाई, ह्यो कसला वायरमन."

आप्पा टाक शाईत बुडवून थांबले. कचेरीत साहेबांच्या सांगण्याखेरीज त्यांनी कधी मजकूर बदलला नव्हता. पन्हाळ गळत होती. त्यांनी ती ओळ खोडली नाही, सबंध कागद बाजूला ठेवला आणि नवा घेतला. स्वयंपाकघर दाखविले नव्हते, असं लिहिलं.

"आन इचारलं तवा खरं सांगितलं न्हाई, ह्ये बी."

आप्पांनी वर पाहिलं. "कोणी?"

सोपानने पायरीवरचे सरळ केलेले खिळे उचलून खिशात टाकले, एकेक करून. "घरच्यांनी," तो म्हणाला.

आप्पांनी तेही लिहिलं. मग कागद सोपानपुढे धरला. तो अक्षरं जुळवत वाचायचा, त्याला वेळ लागला असता. त्याने कागद घेतला नाही. म्हणाला, "ताईंना वाचू द्या. मी ऐकतो."

मी कागद हातात घेतला आणि मोठ्याने वाचू लागले. पहिल्या ओळी वाचल्या. स्वयंपाकघराची वाचली. शेवटच्या ओळीशी मी अडले. आप्पांना वाटलं अक्षर लागत नाही, म्हणून त्यांनी बोट ठेवून दाखवलं. सोपान खाली अंगणाकडे पाहत थांबला होता, घाई न करता.

मी ती ओळ वाचली. तो म्हणाला, "आता ठीक हाय," आणि आप्पांनी सही केली.